चौदाशे परस

गर्भगिरीच्या डोंगराला पाठ टेकून बसलेली ती वस्ती. पाथर्डीची एसटी फाट्यावर सोडते, पुढं आपले पाय. इथं पाण्याची गोष्ट निघाली की ती खोलीचीच निघते. कुणी विहीर घेतली तर लोक पाणी किती लागलं हे मागाहून विचारतात. आधी विचारतात, किती परसावर लागलं? उभ्या माणसाएवढी खोली म्हणजे एक परस. वैजनाथनं उमेदीची सगळी वर्षं अशी माणसावर माणूस मोजत जमिनीच्या पोटात घालवली होती. आधी मुरूम, मग मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण, आणि पाषाणाच्या भेगेतून नशीब असेल तर पाण्याचा बारीक डोळा.

विहीर खोदणाऱ्यांची एक रीत आहे. उतरणारा माणूस काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि दोर धरणाऱ्याला विचारतो, "वर हाय का?"

दोर धरणारा म्हणतो, "वर हाय."

एवढं झाल्याशिवाय कुणी उतरत नाही. सख्खे भाऊ बांधावरून भांडून आलेले असले, तरी विहिरीच्या काठावर हे दोन शब्द द्यावेच लागतात. आणि एकदा दिले की दोर धरणाऱ्यानं बसायचं नाही, दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही आणि खालच्याला नावानं हाक मारायची नाही. विहिरीला माणसाचं नाव कळू द्यायचं नसतं. हाक मारायची ती 'पाव्हनं' म्हणून. खालचा वर येतो, काठावर उभा राहतो आणि म्हणतो, "सोड दोर." तेव्हाच हात मोकळे.

हे दोन शब्द वैजनाथनं तोंडातून काढले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. शेवटचे दिले ते थोरल्या भावाला, सहादेवला. वस्तीवरच्या जुन्या विहिरीचा गाळ काढायचा होता. रीतीप्रमाणं आधी कंदील सोडून पाहिला. तो नीट जळत राहिला. मग सहादेव उतरला. गाळ ढवळला तसा खालून त्याचा आवाज आला, "सडक्या अंड्यावानी वास येतुय रं." थोड्या वेळानं म्हणाला, "गेला वास." वरचे सगळे हुश्श झाले. त्यानंतर वैजनाथनं हाक दिली, "पाव्हनं!" उत्तर आलं नाही. दोर ओढला, तो हलका आला.

तो हलका दोर वैजनाथच्या तळहातात बसला तो बसलाच. पुढं त्यानं दुसऱ्याच्या शेतात खुरपलं, कांदे भरले, पण दोराला हात लावला नाही. त्या विहिरीवर बाभळी माजल्या. विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढिगारा तिच्या शेजारी टेकडीसारखा उभा होता. त्या बाजूची वाटही त्यानं टाकली.

आणि आता त्याची लेक जया खाली उतरायची होती.

विहिरीत नाही. समुद्रात.

जया गोव्याच्या एका संस्थेत समुद्राच्या तळाच्या जिवांचा अभ्यास करायची. पौषात एका परदेशी जहाजावर तिची निवड झाली. मॉरिशसपासून कितीतरी दिवस आत, हिंदी महासागराच्या मधोमध ते जहाज उभं होतं. उतरायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. वस्तीवर रेंज धड नाही. अंगणातल्या लिंबाखाली, चुलवणाच्या दगडावर मोबाईल ठेवला तरच चेहरा दिसायचा. म्हणून वैजनाथ, त्याची बायको रतनबाई आणि सहादेवचा मुलगा गोरक्षनाथ असे तिघं त्या दगडाभोवती गुडघ्यावर बसले होते, जणू तिथं काही उगवणार होतं. गोरक्षनाथ आता चाळिशीचा, बापाचाच धंदा करायचा. दोर ओढायच्या इंजिनाची यारी होती त्याच्याकडं. आज काम नव्हतं म्हणून आला होता.

"आई, दिसतीय का मी?"

"दिसतीस गं. वाळलीस पार. खायाला घालत्यात का न्हाई तिथं?"

"सकाळ-संध्याकाळ मासे."

"मग काय, ज्यांला बघाया गेली, त्यांलाच खाती," गोरक्षनाथ म्हणाला.

जया हसली. "गोरखदादा, ज्यांना बघायला आलेय ते खाण्यासारखे नाहीत. थांब, दाखवते. काल यंत्र खाली पाठवलं होतं, त्यानं टिपलंय."

पडद्यावर आधी नुसता काळोख आला. मग उजेडाचा एक झोत, आणि झोतात दगडी वारुळासारखी उंच धुराडी. त्यांच्या तोंडांतून काळा लोट भसाभसा वर जात होता. गुऱ्हाळाच्या चिमणीतून जावा तसा, पण पाण्यात.

"हा धूर न्हाई," जया सांगत होती. "पाणीच हाय. जमिनीच्या पोटातून तापून येतं. शिसं वितळंल इतकं गरम. पण वरून पाण्याचा दाब एवढा की त्याला उकळी फुटत न्हाई. आणि हातभर बाजूला जावं तर बर्फावानी गार."

"आणि उजेड?" रतनबाईंनी विचारलं.

"आम्ही नेला तेवढाच. एरवी तिथं कधीच उजाडलं न्हाई, आई. जग झाल्यापासून."

 जगात एक जागा अशी होती जिथं कोंबडा आरवला नव्हता, ही गोष्ट रतनबाईंना एकदम मनात बसवता येईना.

मग त्या धुराड्यांच्या अंगावर हालचाल दिसली. पांढुरकी कोळंबी, हजारोंनी, मधमाश्यांचं मोहोळ लटकावं तशी एकमेकीला चिकटून. जया म्हणाली, यांना डोळे म्हणावे तसे नाहीत. पाठीवर एक ठिपका असतो, आपल्याला दिसणार नाही इतका मंद उजेड त्या गरम पाण्याला असतो, तो या पाठीनं ओळखतात. फार जवळ गेलं तर शिजणार, फार लांब गेलं तर उपाशी मरणार. त्या दोहोंमधल्या वीतभर जागेत यांचा सगळा संसार.

"आपल्यावानीच की," रतनबाई पुटपुटल्या.

शेवटी एक गोगलगाय आली. बोटाच्या दोन पेरांएवढी. पण तिचा मऊ पाय मऊ नव्हताच. काळ्या खवल्यांनी मढवलेला, कौलारू छपरासारखा एकावर एक खवला.

"हे खवलं लोखंडाचं हायेत," जया म्हणाली. "खरंच लोखंड. लोहचुंबकाकडं ओढले जातात."

गोरक्षनाथनं मांडीवर थाप मारली. "ही कशाची गोगलगाय! ही तर जेसीबी झाली!"

 वैजनाथनं मान पुढं केली. "खाती काय ती?"

 जयाला हा प्रश्न येणार हे माहीत असावं, आणि तो वडिलांनीच विचारावा असंही वाटत असावं.

"काहीच खात न्हाई, आबा. जवळजवळ काहीच न्हाई. तिच्या घशापाशी एक पिशवी असते. त्या पिशवीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. त्या गरम पाण्यात एक विषारी वायू असतो, त्यावर ते जीव जगतात आन तिला जगवतात. ती त्यांना घर देते, ते तिला घास देतात." मग हळू आवाजात म्हणाली, "काल यंत्रानं तिथलं पाणी वर आणलं, बाटली उघडली, तर वास आला. सडक्या अंड्यासारखा."

 गोरक्षनाथ जमिनीवरची काडी उचलून मोडायला लागला.

"तोच वायू, आबा. सादेवतात्यांच्या विहिरीतला. तो जास्त झाला की नाकच मरतं. वास गेला असं वाटतं, पण तो गेलेला नसतो. आन तिथं खाली त्याच्यावर अख्खं गाव वसलंय."

वैजनाथनं विचारलं, "किती खोल?"

"अडीच किलोमीटर. मी हिशेब केला तुमच्यासाठी. चौदाशे परस."

त्याच्या डोळ्यांपुढं माणसं उभी राहिली. एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा, अशी उतरत उतरत पार काळोखात जाणारी माणसांची उतरंड, आणि अगदी तळाला, सगळ्यांच्या खाली, त्याची जया.

"दोर केवढा लावत्यात?"

"दोर नसतो, आबा. लोखंडी गोळ्यात तिघंजण बसतो. वजनं बांधलेली असतात, त्यांनी तो खाली जातो. वर यायचं झालं की वजनं सोडून द्यायची. वरून जहाजावरून हाक देतात, पाण्यातून आवाज येतो. पोचायला जरा वेळ लागतो, पण येतो."

"दोर न्हाई?" वैजनाथनं पुन्हा विचारलं.

"न्हाई." मग पलीकडं जहाजावरची घरघर ऐकू आली, आणि जयानं ते विचारलं जे विचारायलाच तिनं फोन केला होता. लहानपणी काठावर उभं राहून तिनं ते शेकडो वेळा ऐकलं होतं.

"आबा, उद्या सकाळी उतरतेय. वर हाय का?"

वैजनाथ उठला. गुडघे झटकले आणि गोठ्याकडं चालू लागला, जणू तिकडून कुणी बोलावलं होतं.

"आबा?" मोबाईल म्हणाला. मग चेहरा थिजला, तुकडे तुकडे झाला आणि कॉल तुटला.

रतनबाई गोठ्यात आल्या तेव्हा वैजनाथ गाईची पाठ चोळत होता. गाय बिचारी स्वच्छच होती.

"दोन शबूद हुते," रतनबाई म्हणाल्या. "दोन. त्येला काय पैसं पडत हुतं?"

"दिले हुते एकदा."

"मग?"

"मग काय! वर हुतो ना मी? हुतो ना? काय झालं त्याचं?" गाईनं मान वळवून बघितलं, तसा त्यानं आवाज उतरवला. "आन हितं तर दोर बी न्हाई. नुसतं म्हनायचं, वर हाय. कुटं हाय? चौदाशे परसावर माजा हात पोचतुय का? खोटं बोलू लेकीसंगं?"

 रतनबाई घरात गेल्या, जात्यावर मूठभर डाळ भरडायला घेतली. डाळीची गरज नव्हती. गरज होती ती खुंट्याला धरून बसायची. जातं फिरलं, आणि आतून ओवी आली ती वैजनाथला ऐकू जाईल अशी,

*गोगलगाई बाई, पायी लोखंडाची जोडी*
*लेक येते पाहुनी, सर अंधारात थोडी*

तिसऱ्या घासाला ओवी बदलली,

*लेक माझी पान्यामंदी खोल खोल किती जाती*
*बाप उभा कडंवर, दोर का न्हाई त्याच्या हाती*

वैजनाथ गाईला वैरण टाकून तिथंच बसून राहिला. बायकोनं तोंडावर बोललेलं परवडतं. जात्याआडून बोललेलं उरात जाऊन बसतं.

सकाळी वस्तीवरची लाईट गेलेली होती. लाईट गेली की फाट्यावरचा टॉवर जातो आणि टॉवर गेला की लिंबाखालचा दगड नुसता दगड उरतो. वैजनाथनं मोबाईल दगडावर ठेवून पाहिला, उभा धरून पाहिला, लिंबाच्या फांदीला टेकवून पाहिला. रतनबाई दारातून बघत होत्या.  हसू त्यांच्या पदराआड मावत नव्हतं आणि काळजीही.

गोरक्षनाथ यारीचं डिझेल आणायला निघाला होता. तो थांबला. "आण्णा, रेंज हुडकताय का? हितं न्हाई घावायची. शेवगावचा टॉवर धरतुय तो फकस्त एका जागी."

"कुटं?"

गोरक्षनाथनं हात केला. बाभळींच्या वर दगडांचा ढिगारा दिसत होता. अख्खी वस्ती लाईट गेली की तिथं चढून फोन करायची. हे वैजनाथला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

वैजनाथनं मोबाईल खिशात घातला. परत काढला.

"आण्णा," गोरक्षनाथ गाडी स्टँडवर लावत म्हणाला, "एक बोलू का? राग धरू नका."

"बोल."

"मी उतरतो तवा वर माझा मेव्हना असतो. लई आळशी मानूस. दोर धरून बी डुलक्या घेत आसंल, मला खात्री न्हाई. पर तो 'वर हाय' म्हनला की माझा हात चालतो. न्हाई म्हनला तर पहार बी उचलत न्हाई." त्यानं टाकीचं झाकण उगाचच उघडलं, बंद केलं. "माझ्या बापाचं जे झालं ते गॅसनं झालं. पर त्यानं वरून शेवटची ऐकली ती तुमची हाक. तोवर त्याला वाटत हुतं, आपलं मानूस वर हाय. अंधारात तेवढं तरी हुतं त्याच्याजवळ. मला लहानपनापासून त्याचाच आधार वाटतुय. तुमी उगं भलतंच धरून बसलाय."

वैजनाथ त्याच्याकडं बघत राहिला. भावाचे डोळे, भावाचेच कान; भावाचं बोलणं मात्र इतक्या वर्षांनी आज ऐकू आलं होतं.

"दोर हाय का तुझ्याकडं?" त्यानं विचारलं.

बाभळीचे काटे बाजूला सारत तो वाटेवर चालला तेव्हा खांद्यावर गोरक्षनाथचा जुना दोर होता आणि हातात बकेट. ढिगाऱ्याचा दगड न् दगड त्याच्या ओळखीचा निघाला. हे सगळे त्या दोघा भावांनीच वर आणले होते. माथ्यावर उभा राहिल्यावर मोबाईलमध्ये दांड्या उगवल्या. खाली विहिरीचं तोंड दिसत होतं, आणि आत, सावलीत, पाणी.

आवाज पाठवायचं बटण रतनबाईंनी दाखवून ठेवलं होतं. त्यानं ते दाबून धरलं. आधी काहीच आलं नाही. मग खोकला आला. तो पुसून टाकला. दुसऱ्यांदा म्हणाला, "जया, मी आबा बोलतुय, तुजी आई म्हनत हुती की," आणि तेही पुसलं, कारण नाव घेतलं होतं. नाव घ्यायचं नसतं.

तिसऱ्या वेळी त्यानं बटण दाबलं, विहिरीकडं तोंड केलं आणि काठावरून देतात तशी मोकळ्या गळ्यानं हाक दिली,

"पाव्हनं! वर हाय!"

विहिरीनं ती हाक परत दिली. मोबाईलमध्ये तीही गेली असावी. एक खूण उमटली, मग दुसरी. पण निळी काही होईना. जया उतरली होती की उतरायची होती, तिच्या कानावर हे पडलं की तिच्याविना नुसतं जहाजावर पोचलं, काही कळायला मार्ग नव्हता.

पण आता शब्द दिला होता. वैजनाथ खाली आला, विहिरीच्या काठाशी गेला, बकेट आत सोडली आणि दोर दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

ऊन चढलं. आसपासच्या रानात ज्वारी निसवली होती. तिच्यावरून वारा येई आणि दोर किंचित हाले. रतनबाई भाकरी घेऊन आल्या.

"बसून खा."

"बसायचं नसतं."

"मला शिकवू नका." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि उभ्या नवऱ्याला उभ्यानं भरवला. आजूबाजूला बघून घेतलं आधी. "म्हातारपनी काय थेरं ही!"

"ती गोगलगाय," वैजनाथ घास गिळत म्हणाला, "तिला वर कोनी न्हाई. सूर्य बी न्हाई. मी सकाळधरनं इचार करतुय. कशाच्या जिवावर ऱ्हात आसंल?"

"सांगितलं की पोरीनं. तिच्या घशापाशी कुनीतरी हाय."

"व्हय," वैजनाथ म्हणाला. "वर न्हाई. पर आत हाय." आणि बराच वेळ तो पाण्याकडं बघत राहिला. ज्या वासानं भाऊ नेला, त्या वासाची खाली भाकर होत होती. त्यानं राग धरला होता तो कुणावर, वासावर का विहिरीवर का स्वतःवर, हे त्याला आता नीट सांगता आलं नसतं. रागाला एवढी वर्षं घास घालून तोच त्याला जगवत आला होता. रागानं मात्र त्याला काही दिलं नव्हतं.

दुपार कलली. दोराची रग खांद्यात चढली, पाय भरून आले. गोरक्षनाथ काम आटपून आला, चपला लांब काढल्या, "म्या धरू का जरा?" असं काही विचारलं नाही, त्याला रीत माहीत होती. तो नुसता शेजारी उभा राहिला. सूर्य डोंगरामागं गेला, तेव्हा रेंजसाठी मोबाईल घेऊन ढिगाऱ्यावर जाऊन बसलेल्या रतनबाईंच्या हातात तो वाजला.

"आला! तिनं आवाज पाठवलाय!" त्या घाईनं दगडांवरून उतरल्या, पडतात की काय असं झालं. आवाज सुरू करून मोबाईल वैजनाथच्या कानाला लावला, कारण त्याचे हात मोकळे नव्हते.

जयाचा आवाज दमलेला होता आणि हसरा. मागं माणसांचा गलका.

"आबा, सकाळी गोळ्याचं झाकण लावायच्या आधी ऐकलं. तिथल्या सगळ्यांना ऐकवलं. विहिरीचा आवाज पण आला." थोडा वेळ नुसता वारा. "खाली गेल्यावर बराच वेळ भीती वाटली. दिवा मालवला होता, काहीच दिसत न्हवतं. मग दिवा लावला आन त्या गोगलगायी दिसल्या. इतक्या गप बसून होत्या, आबा, आपापल्या जागी. कुणाची वाट बघत न्हवत्या." मग ती नीट, काठावर उभं राहून म्हणावं तसं म्हणाली, "आले वर. सोडा दोर."

रतनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गोरक्षनाथ घसा खाकरून पलीकडं बघायला लागला.

वैजनाथनं लगेच दोर सोडला नाही. आधी तो ओढला, हात मागून हात. जड येत होता. इतका जड की त्याला बरं वाटलं. बकेट काठावर आली, पाण्यानं काठोकाठ भरलेली, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला, लोखंडाला चिकटून, एक काळी बारकी गोगलगाय होती. विहिरीतलीच, साधी, शेंगदाण्याएवढी. ओल्या शिंगांनी ती नव्या उजेडात चाचपडत होती.

"ही बघा, आण्णा," गोरक्षनाथ वाकून म्हणाला, "आपल्या हिरीत बी हायेत की."

वैजनाथनं तिच्याकडं खूप वेळ पाहिलं. मग बकेट पुन्हा काठावरून आत उतरवली आणि दोर हळूहळू सोडत गेला, पाण्याला तिचा आवाज होणार नाही इतका हळू.